हंबनटोटा: धक्का कुणाच्या हातात?

[दृश्य: सकाळची वेळ. बंदरात शिरणारं पांढरं जहाज, डेकवर अवाढव्य गोल अँटेना.]

१६ ऑगस्ट २०२२. श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर. आत येतंय ते चीनचं 'युआन वांग ५', उपग्रह आणि क्षेपणास्त्रांचा माग काढणारं जहाज. खरं तर ११ तारखेलाच यायचं होतं. भारताने नापसंती कळवली, कोलंबोने 'जरा थांबा' म्हटलं, आणि १३ तारखेला परवानगी देऊनही टाकली. अटी दोन: जहाजाचा ठावठिकाणा सांगणारी एआयएस यंत्रणा चालू ठेवायची, आणि आमच्या पाण्यात संशोधन करायचं नाही. परकीय कर्जाचे हप्ते नुकतेच थकवलेला देश आणखी किती ताणणार?

[दृश्य: नकाशा. दक्षिण किनाऱ्याखालून जाणाऱ्या जहाजांची रांग.]

पूर्व-पश्चिम जहाजमार्ग इथून जेमतेम दहा सागरी मैलांवर. शिवाय हा बंदर बांधलं तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षे यांचा जिल्हा, हेही आलंच. बंदराच्या पहिल्या टप्प्याला चीनच्या सरकारी एक्झिम बँकेने ३० कोटी ७० लाख डॉलर कर्ज दिलं. बांधकाम चिनी कंपनीचं. २०१० मध्ये वाजतगाजत उद्घाटन झालं, पण बंदराच्या तोंडाशी खडक तसाच! मोठी जहाजं आत येईनात. शेवटी तो फोडावा लागला. २०१२ च्या अख्ख्या वर्षात इथे जहाजं लागली ३४.

पुढे 'कर्ज फिटेना म्हणून चीनने बंदर हडपलं' ही गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर जोरात चालते. पण घडलं वेगळंच. २०१७ मध्ये चायना मर्चंट्स या चिनी सरकारी कंपनीने ११२ कोटी डॉलर मोजून बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलं. एक्झिम बँकेचं कर्ज माफ झालं नाही, ते सरकारच्या डोक्यावर राहिलंच. आलेले डॉलर गेले देशाच्या परकीय चलनाच्या गंगाजळीत, कारण तेव्हा खरा फास होता तो जागतिक बाजारात विकलेल्या कर्जरोख्यांचा.

[दृश्य: कोलंबो, कंटेनर टर्मिनलच्या क्रेन.]

मग चीनला मिळालं काय? धक्का, म्हणजे जहाज लावायची जागा. त्याची किंमत कोलंबोत आधीच दिसली होती. सप्टेंबर २०१४ मध्ये चिनी पाणबुडी तिथे आली आणि लागली कुठे, तर चायना मर्चंट्स चालवत असलेल्या कंटेनर टर्मिनलला.

[दृश्य: हंबनटोटा. ओळीने उभ्या नव्याकोऱ्या मोटारी.]

या गाड्या भारतात बनलेल्या. चेन्नईहून आल्या, इथे जहाज बदलून पुढच्या देशांना जातील. याच बंदरात 'युआन वांग' सहा दिवस उभं होतं.