नारायणरावांनी घडवलेली स्त्री

मित्रहो, पुरुषाने स्त्रीवेष घेऊन रंगमंचावर उभे राहण्याला आता आपल्याकडेही ‘ड्रॅग’ म्हणण्याची पद्धत रुळू लागली आहे. मराठी रंगभूमीने त्यासाठी फार पूर्वीच ‘स्त्रीपार्ट’ असा अर्धा संस्कृत आणि अर्धा इंग्रजी शब्द घडवला होता. राजापार्ट, खलपार्ट, स्त्रीपार्ट ही कंपनीत वाटून दिलेली कामे होती, आणि जो नट ज्या कामाला शोभेल त्याच्या वाट्याला ते येई. या शब्दात कुतूहल नाही आणि चोरटेपणाही नाही, म्हणून मला तो आवडतो. आज मला बोलायचे आहे ते हे काम जन्मभर केलेल्या नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांच्याविषयी. त्यातही त्यांच्या गाण्यापेक्षा त्यांनी घडवलेल्या स्त्रीविषयी अधिक.

विष्णुदास भावे यांनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हापासून घरंदाज स्त्रीने रंगभूमीवर यायचे नाही हे जणू ठरूनच गेले होते. स्त्रियांच्या स्वतंत्र नाटक मंडळ्या पुढे निघाल्या खऱ्या, पण प्रतिष्ठा मिळाली ती पुरुषांच्या कंपन्यांना. या कंपन्यांतल्या स्त्रीपार्टी नटाच्या आयुष्याला एक क्रूर मुदत असे. कोवळ्या गळ्याचा मुलगा कंपनीत घ्यायचा, त्याला लुगडे नेसवायचे, चार-सहा वर्षे त्याच्या आवाजावर गर्दी खेचायची, आणि मिसरूड फुटून आवाज घोगरा झाला की त्याला पुरुषपार्टाकडे वळवायचे किंवा पडद्यामागे धाडायचे. या मुदतीला पुरून उरलेले नट मोजकेच. त्यांतले मोठे नाव किर्लोस्कर मंडळींच्या भाऊराव कोल्हटकरांचे, आणि ते 1901 साली वारले.

नारायणराव 1905 साली किर्लोस्कर मंडळींत आले, तेव्हा त्यांचे वय सतराच्या आसपास होते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा त्यांच्यावर लोभ होता, आणि कानाच्या दुखण्यावर मिरजेत उपचार झाल्यानंतर त्यांचा कंपनीतला प्रवेश ठरला. मला महत्त्वाचे वाटते ते त्यांचे वय. आवाज फुटण्याचा घाट ओलांडून ते रंगभूमीवर आले होते. त्यामुळे त्यांच्या शकुंतलेचा आवाज मुलाचा उसना आवाज नव्हता. वयात आलेल्या पुरुषाचाच, पण हलका, टोकदार आणि लवचीक असा तो गळा होता. पुढची तीस वर्षे तो त्यांनी मुद्दाम बारीक करून बायकी केला नाही. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकायला मिळतात. ‘स्वयंवर’मधले ‘नाथ हा माझा’ ऐकावे. यमनातली चाल भास्करबुवा बखल्यांची, आणि तबकडीच्या एका बाजूची मर्यादा जेमतेम तीन मिनिटांची. तेवढ्या वेळात ते ‘माझा’ या शब्दाकडे पुनःपुन्हा परत येतात आणि दरवेळी तो किंचित निराळा उच्चारतात. कधी त्यात लाज असते, कधी हक्क, कधी सांगून टाकल्याचा आनंद. नाटकाची नायिका रुक्मिणी कशी दिसत असेल हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसले, तरी ती काय म्हणते आहे हे नेमके कळते. स्त्रीपार्टाची सगळी कारागिरी मला त्या एका शब्दात दिसते.

आता वेषाकडे येऊ. नारायणराव एकदा स्त्रीवेषात हळदीकुंकवाला जाऊन बसले आणि कोणाला ओळखूच आले नाहीत, अशी आख्यायिका सांगतात. अशा गोष्टी अनेक स्त्रीपार्टी नटांच्या नावावर खपतात, आणि खरे सांगायचे तर त्या या कलेचा अपमान करतात. फसवणे हा तिचा हेतूच नव्हता. तिकीट काढून आलेल्या प्रत्येकाला ‘मानापमान’ची नायिका भामिनी पुरुष आहे हे पक्के ठाऊक होते, पंचक्रोशीला ठाऊक होते, आणि ते ठाऊक असूनही तिसऱ्या घंटेनंतर त्याचे भान सुटत होते. त्याहून विलक्षण गोष्ट प्रेक्षागृहातल्या बायकांच्या बाजूला घडत होती. नारायणरावांचा पदर कसा आहे, अंबाड्यावर गजरा कुठे माळला आहे, नथ किती मोठी आहे हे त्या नीट पाहून ठेवत आणि पुढच्या सणावाराला तसेच करत. पुरुषाने स्त्रीची नक्कल करायची, आणि मग स्त्रियांनी त्या नकलेवरून स्वतःला सजवायचे! मूळ कोणते आणि प्रतिबिंब कोणते, हे त्या पिढीतल्या मध्यमवर्गीय घरात सांगणे कठीण झाले असावे.

गुजराती रंगभूमीवर याच काळात स्त्रीपार्टी नट जयशंकर यांच्या बाबतीत असेच झाले. 1901 साली गाजलेल्या सुंदरीच्या भूमिकेचे नाव त्यांना आडनावासारखे जन्मभर चिकटले.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग 12 मार्च 1911 रोजी मुंबईत झाला. त्याच दिवशी नारायणरावांची लहान मुलगी वारली, आणि तरीही त्या रात्री ते भामिनी होऊन उभे राहिले. हा प्रसंग नटाच्या निष्ठेचा दाखला म्हणून नेहमी सांगितला जातो, आणि तो खराही आहे. पण हजारोंना आदर्श पत्नी दाखवणाऱ्या या माणसाच्या घरी त्या रात्री त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काय करत होत्या, हे सांगणारे मात्र कोणी भेटत नाही.

गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह नारायणरावांनी 1913 साली गंधर्व नाटक मंडळी काढली. ‘स्वयंवर’ 1916 साली आले. राम गणेश गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर महिन्याभरातच, फेब्रुवारी 1919 मध्ये, ‘एकच प्याला’ बडोद्याला रंगभूमीवर आले. शालू-पैठण्यांत वावरणाऱ्या या नटाने त्यात दारुड्याची दरिद्री बायको सिंधू उभी केली. भरजरी वस्त्रांवाचूनही आपली स्त्री उभी राहते, याची त्यांनी त्या नाटकात खात्री करून घेतली असे मला वाटते. ती खात्री त्यांना पुरली मात्र नाही. 1920 च्या ‘द्रौपदी’त थाटमाट असा काही झाला की कंपनी कर्जात बुडाली. अस्सल कापड, अस्सल अत्तर, साथीला कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवा यांचा तबला. या माणसाला खोटे असे रंगमंचावर काहीच चालत नसे, आणि त्याची सर्वांत गाजलेली गोष्ट मात्र त्याने धारण केलेले रूप ही होती.

8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले. नारायणराव भामिनी आणि केशवराव भोसले नायक धैर्यधर. केशवरावही मूळचे स्त्रीपार्टी. ‘शारदा’तल्या शारदेच्या भूमिकेने लहानपणीच नावारूपाला आलेले. म्हणजे त्या रात्री समोरासमोर होते ते एकाच विद्येचे दोन जाणकार, एक ती विद्या धरून बसलेला आणि दुसरा तिच्या पलीकडे गेलेला. ऑक्टोबरात केशवराव वारले, आणि ही तुलना पुढे पाहायला मिळाली नाही.

हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका रंगभूमीवर आल्या, 1933 साली ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, आणि बोलपट तर आलाच होता. प्रभातच्या 1935 च्या ‘धर्मात्मा’मध्ये नारायणराव संत एकनाथ झाले. कॅमेऱ्यासमोर त्यांचे मन रमले नाही, यात नवल नाही. पन्नास हातांवरून पाहायची कला तिथे वीतभर अंतरावरून पाहिली जात होती. पन्नाशी ओलांडल्यावरही ते लुगडे नेसून उभे राहत. शरीर स्थूल झाले होते, चेहरा ओघळला होता, आणि जुने प्रेक्षक डोळे मिटून ऐकत.

याच उतरत्या काळात, 1938 च्या सुमारास, गोहरबाई कर्नाटकी त्यांच्याकडे आल्या. त्या विजापूरकडच्या बिळगीच्या, स्वतः नावाजलेल्या गायिका. नारायणरावांची गायकी त्यांनी इतकी आत्मसात केली होती की गाण्यातल्या हरकतीसुद्धा नारायणरावांच्याच वळणाच्या येत. लोकांनी या संबंधावर फार बोट ठेवले आणि पडत्या काळाचे खापर गोहरबाईंवर फोडले. तो हिशेब मला करायचा नाही. मला दिसतो तो त्या प्रयोगांचा रंगमंच. नायिकेच्या वेषात गोहरबाई, शेजारी पुरुषवेषात नारायणराव, आणि एक खरीखुरी स्त्री, एका पुरुषाने स्त्री होण्यासाठी शोधलेल्या जागा एकेक करून घेत गाते आहे. समोर बसलेले रसिक तिला एकाच मापाने तोलत होते: ही नारायणरावांइतकी बाई वाटते का?