रांगेतला पूर

[दृश्य: आयर्विन पूल. खांबावरची फुटांची पट्टी, खाली उन्हाळ्यातलं उथळ पाणी.]

सांगलीत नदी फुटांत मोजतात. आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तेव्हापासून दर पावसाळ्यात इथं तोच वाद रंगतो. कोयनेतून किती सोडलं? वारणेचं पाणी हरिपूरच्या संगमावर कधी पोचलं? आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात किती अडवलं होतं?

चहाच्या गाड्यावर याचं उत्तर दोन मिनिटांत मिळतं. विश्रामबागेतल्या एका खोलीत मात्र एक संशोधक विद्यार्थिनी तोच प्रश्न संगणकाला विचारतेय, आणि तिचा नंबर अजून लागलेला नाही.

[दृश्य: लॅपटॉपचा काळा पडदा, पांढरी अक्षरं.]

कराडच्या प्रीतिसंगमापासून अलमट्टीपर्यंतच्या कृष्णेचं हे मॉडेल. दोन धरणांचा विसर्ग आणि तिसऱ्याची पातळी बदलत गेलं की ३०० वेगवेगळे पूर तयार होतात. कॉलेजच्या पीसीवर हे सगळे चालवायचे तर पुढचा पावसाळा उजाडेल. म्हणून काम जातं पुण्यातल्या एका सामायिक महासंगणकावर.

पुण्याला महासंगणक नवा नाही. सी-डॅक या सरकारी संस्थेनं 'परम ८०००' उभा केला १९९१ मध्ये. २०१५ मध्ये राष्ट्रीय महासंगणन अभियान आलं आणि २०१९ मध्ये पुण्याच्या आयसर या विज्ञानशिक्षण संस्थेत 'परम ब्रह्म' बसला. यंत्रं वाढली, तसे वापरणारेही वाढले.

आत असतात शेकडो सर्व्हर, वेगवान जाळ्यानं जोडलेले. एकेकाला म्हणायचं नोड. बाहेरून शिरलं की आपण उतरतो लॉगिन नोडवर. तिथं फाइली लिहायच्या, प्रोग्रॅम कंपाइल करायचा, म्हणजे यंत्राच्या भाषेत आणायचा, बस्स. कुणी मॉडेल तिथंच सुरू केलं, तर इतरांचं साधं टायपिंगही अडखळतं. मग अ‍ॅडमिन ते काम बंद करतो, आणि विचारून करत नाही.

खरी आकडेमोड कॉम्प्युट नोडवर. तिथं पोचायचं तर अर्ज द्यावा लागतो: किती नोड हवेत, मेमरी किती, वेळ किती. या अर्जाची छोटीशी स्क्रिप्ट, म्हणजे एक जॉब, रांग सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमकडे, शेड्युलरकडे जाते. बऱ्याच केंद्रांवर हा शेड्युलर म्हणजे 'स्लर्म'. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत त्याची सुरुवात झाली आणि तो मुक्त स्रोत आहे.

[दृश्य: विद्यार्थिनी आणि तिचे मार्गदर्शक, टेबलापाशी.]

"सर, कालपासून पेंडिंगच दाखवतंय."
"कारण काय लिहिलंय?"
"प्रायॉरिटी."
"वेळ किती मागितलायस?"
"चोवीस तास. कमी पडायला नको म्हणून."
"आणि टेस्ट किती वेळात झाली होती?"
"अडीच तास."
"अगं, मग चोवीस कशाला?"

सरांचा हा प्रश्न साधा वाटतो, पण रांगेची सगळी गोम त्यातच आहे.

आपल्या भागात रांग म्हटली की उसाची तोड आठवते. कागदावर नोंदीच्या तारखेनं पाळी लागते. चेअरमनच्या पाहुण्याचा फड आधी कसा रिकामा होतो, ते गावाला ठाऊक असतं. स्लर्मच्या रांगेत तारखेला मान आहेच, जॉब जितका थांबेल तितकं त्याचं वजन वाढतं. पण सोबत दुसरा हिशोब चालतो, फेअरशेअरचा. मागच्या काही दिवसांत ज्यानं यंत्र भरपूर वापरलं, तो खाली सरकतो. ज्याला फारसं मिळालं नाही, तो वर येतो. जुना वापर हळूहळू विसरला जातो; स्लर्मच्या मूळ मांडणीत सात दिवसांनी त्याचं वजन निम्मं होतं, केंद्रं ते बदलूही शकतात. वशिला इथंही असतो, फक्त तो नियमांत लिहिलेला असतो. तातडीच्या कामाला वरचा दर्जा देता येतो, ठरावीक नोड राखूनही ठेवता येतात. हवामानाच्या अंदाजासाठी तर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत २०२४ पासून 'अर्का' ही वेगळी यंत्रणाच आहे. पाऊस कुणाच्या पाळीची वाट बघत नाही.

[दृश्य: अ‍ॅनिमेशन. नोडचे चौकोन, काही भरलेले, काही रिकामे.]

आता त्या चोवीस तासांकडे येऊ. समजा, रांगेत पहिला आहे ४० नोड मागणारा मोठा जॉब. सध्या चार मोकळे आहेत, बाकीचे दुपारी चारला सुटणार. सकाळी दहापासून चारपर्यंत ते चार नोड रिकामेच राहणार का? नाही. शेड्युलर मागे बघतो: या फटीत मावेल असं कुणी आहे का? याला बॅकफिल म्हणतात. अट एकच, पुढच्याला उशीर व्हायला नको. साडेतीन तास मागणारा जॉब लगेच आत जातो. चोवीस तास मागणारा बाहेरच राहतो, मग तो प्रत्यक्षात अडीच तासांत का संपेना. शेड्युलरला पूर कळत नाही, त्याला फक्त मागितलेला आकडा कळतो.

उलटी चूकही महागात पडते. वेळ संपली की काम मध्येच तोडलं जातं. म्हणून लांब जॉबमध्ये दर काही वेळानं तिथवरचं काम जपणारी रीस्टार्ट फाइल लिहायची, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

तिनं आकडा बदलला. ३०० पुरांसाठी ३०० स्क्रिप्ट न लिहिता एकच जॉब अ‍ॅरे केला आणि एका वेळी दहाच चालतील अशी मर्यादा घातली. दुपारी पहिले दहा सुरू झाले.

[दृश्य: डेटा सेंटरमधले डिस्कचे रॅक, पंख्यांचा आवाज.]

आणि मग अडचण आली साठवणीची. इथं लोक सर्वांत जास्त चिडतात, आणि माझ्या मते सर्वांत कमी वाचतातही ते इथलेच नियम.

फाइली ठेवायला प्रत्येकाला दोन जागा मिळतात, होम आणि स्क्रॅच. होम लहान असतं. तिथं प्रोग्रॅम, स्क्रिप्ट, इनपुट. स्क्रॅच मोठं आणि वेगवान, चालू कामापुरतं. बहुतेक ठिकाणी स्क्रॅचचा बॅकअप नसतो, आणि ठरावीक दिवस हात न लागलेल्या फाइली आपोआप उडवल्या जातात. काही हुशार मंडळी फाइलींच्या तारखा कमांड देऊन ताज्या करतात. बऱ्याच केंद्रांवर त्याला बंदी आहे, आणि असायलाच हवी. डिस्क काठोकाठ भरत आली की लिहिण्याचा वेग सगळ्यांचाच पडतो, नियम पाळणाऱ्यांचासुद्धा.

तिचा पूर दहा दिवसांचा. दर दहा मिनिटांना एक फाइल, म्हणजे एका पुराच्या १,४४० फाइली. ३०० पुरांच्या ४ लाख ३२ हजार. प्रत्येक दोन एमबीची धरली तर सगळं मिळून ८६४ जीबी. आकार कोट्यात बसत होता, संख्या बसत नव्हती. फाइलींच्या संख्येलाही मर्यादा असते, हे तिला 'कोटा एक्सीडेड' वाचल्यावर कळलं.

ही मर्यादा उगाच नाही. महासंगणकांवर बरेचदा 'लस्टर' ही फाइल सिस्टिम असते. ती मोठी फाइल अनेक डिस्कवर वाटते, म्हणून वेगवान. पण फाइलीचं नाव, जागा, परवानगी यांची नोंद वेगळा मेटाडेटा सर्व्हर ठेवतो. लाखो चिल्लर फाइली उघडल्या-मिटल्या की तोच गुदमरतो. मग तिकडे कुणा रसायनशास्त्रज्ञाला साधी फोल्डरची यादी बघायलाही ताटकळावं लागतं.

उपाय मॉडेलमध्येच होता. नोंद दहा मिनिटांऐवजी तासाला, आणि एका पुराच्या सगळ्या नोंदी एकाच फाइलीत, नेटसीडीएफ या वैज्ञानिक डेटाच्या फाइल-प्रकारात. ४ लाख ३२ हजारांच्या जागी ३०० फाइली, आणि ८६४ ऐवजी १४४ जीबी. पूररेषेच्या नकाशाला तासाची नोंद पुरते. दहा मिनिटांचा हट्ट कशासाठी होता, हे तिलाही नीट सांगता आलं नाही.

[दृश्य: पडद्यावर सांगलीचा नकाशा, निळा रंग गावभागात पसरत जातो.]

नकाशे सांगलीला उतरवून घेतले. स्क्रॅचवरचा कच्चा डेटा तिनं स्वतःच पुसला, सफाईची तारीख यायच्या आधी. पुन्हा लागलाच, तर इनपुट आणि स्क्रिप्ट होममध्ये आहेत, आणि एका पुराला अडीच तास लागतात हेही आता माहीत आहे.