थराखालची पाणबुडी

पाणबुडीच्या शोधात समुद्रापासून जेमतेम वीस मीटर उंचीवर हेलिकॉप्टर स्थिर झालंय. पोटातून केबल सुटते. तिच्या टोकाला असलेला सोनारचा (ध्वनीनं पाण्याखालचं शोधणाऱ्या यंत्राचा) डोम पाण्यात शिरतो आणि खाली जातच राहतो. गरज पडली तर शेकडो मीटर.

एवढं खोल कशासाठी? वरचं पाणी उन्हानं तापलेलं आणि लाटांनी घुसळलेलं असतं. त्याखालच्या थरात तापमान भराभर उतरतं. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, पण पाणी एका अंशानं गार झालं की हा वेग साधारण 3 मीटरनं घटतो. वेग बदलला की ध्वनीची वाट वाकते. त्यामुळे जहाजाच्या तळाशी बसवलेल्या सोनारचा ध्वनी थराखाली नीट पोचत नाही, आणि पाणबुडी नेमकी तिथंच दबा धरते. म्हणून आधी खोलीनुसार तापमान मोजायचं, थर कुठं आहे ते पाहायचं आणि मग डोम त्याच्या खाली उतरवायचा. खोली चुकली, तर उत्तम सोनारही जवळची पाणबुडी हुकवतो.

आता पिंग, म्हणजे सोनारनं सोडलेला ध्वनीचा ठोका. प्रतिध्वनी 8 सेकंदांनी परतला, म्हणजे ध्वनी 12 किलोमीटर फिरून आला. पाणबुडी 6 किलोमीटरवर आहे. पण तो पिंग तिलाही ऐकू जातो. ती लगेच दिशा बदलते. मग डोम वर ओढायचा, पुढं जायचं, पुन्हा उतरवायचा. हेलिकॉप्टर दोन असली, तर एकाचा डोम पाण्यात असताना दुसरं जागा बदलतं आणि पाणबुडीचा माग सुटत नाही.

या कामातला सगळ्यात अवघड भाग मात्र हवेतला आहे. केबल सरळ उभी राहायला हवी. ती किती कलली हे सेन्सर मोजतो आणि त्यानुसार ऑटोपायलट हेलिकॉप्टरला डोमच्या बरोबर वर आणतो. हॉवरमध्ये, म्हणजे हवेत एकाच जागी थांबताना, इंजिनांवर मोठा भार असतो. गरम, दमट हवेत आणखीच. अशा वेळी जड हेलिकॉप्टरचं एक इंजिन बंद पडलं, तर उरलेल्या ताकदीवर ते तिथं टिकेलच असं नाही. केबल तोडून, नाक खाली करून, उंची खर्ची घालून पुढचा वेग मिळवावा लागतो. हाताशी असतात तेच वीस मीटर.

मोठा परिसर धुंडाळायला सोनोबॉय, म्हणजे पाण्यातले आवाज ऐकणारे तरंगते बॉय, टाकतात. एमएच-60आर या हेलिकॉप्टरच्या लाँचरमध्ये असे 25 बॉय मावतात. खारं पाणी लागताच बॉयची बॅटरी सुरू होते, हायड्रोफोन (पाण्यातला मायक्रोफोन) ठरलेल्या खोलीवर उतरतो आणि वर तरंगणारा रेडिओ ऐकलेलं सगळं हेलिकॉप्टरला पाठवतो. ठरलेली वेळ संपली की बॉय आपोआप बुडतो.

जागा पक्की झाली की टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून धावणारं अस्त्र. एमके-54 या टॉर्पेडोचा व्यास 324 मिलिमीटर, वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास. तो पॅराशूटनं पाण्यात उतरतो आणि स्वतःच्या सोनारनं लक्ष्य शोधतो. उथळ पाण्यात तळावरून आणि पृष्ठभागावरून येणारे प्रतिध्वनी त्याला चकवतात, म्हणून तिथं टॉर्पेडो कुठं टाकला आणि शोध किती खोलीवर लावला, याला फार महत्त्व.

डेकवर परतल्यावर इंजिनाचा कॉम्प्रेसर गोड्या पाण्यानं धुतात. मिठाचा थर पात्यांवर साचला की ताकद घटते आणि गंज धरतो. डोम आणि केबलही धुऊन, केबल कुठं घासली वा पिळली गेली आहे का, हे तपासतात. दोष राहिला, तर पुढच्या डिपला डोमच गमवावा लागेल.