वजन न विचारता क्रिएटिनिन वाचू नका

(फॅमिली डॉक्टरांच्या सभेत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, आजचा विषय आहे एट्रियल फिब्रिलेशनच्या (एएफ, म्हणजे हृदयाची लय अनियमित होऊन गुठळीचा आणि स्ट्रोकचा धोका वाढवणारा आजार) पेशंटची जोखीम रक्ताच्या चाचण्यांवरून कशी ओळखायची हा. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण), एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरच्या ताणाची खूण), जीडीएफ-१५ (पेशींवरच्या ताणाची खूण) यांच्याबद्दल ऐकायला आपण आला आहात. त्यांच्याकडे मी येणारच आहे. पण आधी आपल्या प्रत्येकाच्या टेबलावर रोज येणाऱ्या एका स्वस्त चाचणीबद्दल मनात साठलेलं बोलू द्या. एएफच्या पेशंटचं जितकं नुकसान महागडी चाचणी न केल्यामुळे होतं, त्याहून जास्त क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं बाहेर टाकतात तो रक्तातला टाकाऊ घटक, चुकीचं वाचल्यामुळे होतं, असं माझं ठाम मत आहे.

दोन पेशंट डोळ्यांसमोर आणा. पहिला ५५ वर्षांचा, ८० किलोचा पुरुष. दुसऱ्या ७६ वर्षांच्या आजी, वजन ५० किलो. दोघांचंही क्रिएटिनिन १.०. दोन्ही रिपोर्टांवर ठळक अक्षर नाही, बाण नाही, सगळं ‘नॉर्मल’. आता कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र लावा: १४० मधून वय वजा करा, उरलेल्याला वजनाने गुणा, क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागा, आणि बाई असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणा. त्या गृहस्थांचा क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडं मिनिटाला किती मिलिलिटर रक्त स्वच्छ करतात ते, येतो ९४. आजींचा येतो ३८. आकडा तोच, पण तो गाळणारी मूत्रपिंडं एकसारखी नाहीत.

कुणी म्हणेल, रिपोर्टवर ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याचा अंदाज, छापून येतं की! येतं. या आजींचं ते साधारण ५८ येईल. पण ते सूत्र वजन विचारत नाही, १.७३ चौरस मीटर पृष्ठभागाचं प्रमाणित शरीर गृहीत धरून ते उत्तर देतं. आपल्याकडच्या पन्नास किलोच्या आजी त्या मापात बसत नाहीत. शिवाय रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांच्या मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांत डोस ठरवायला कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच वापरलं होतं. म्हणून डोस ठरवताना तेच वापरायचं.

याने काय फरक पडतो? रिव्हारोक्सॅबान, डॅबिगॅट्रान, अपिक्सॅबान या त्या नव्या गोळ्या. रिव्हारोक्सॅबानचं उदाहरण घ्या. क्लिअरन्स ५० किंवा त्याहून जास्त असेल तर दिवसाला २० मिलिग्रॅम, १५ ते ४९ असेल तर १५ मिलिग्रॅम, आणि गोळी जेवणाबरोबरच, कारण रिकाम्या पोटी ती पुरेशी शोषली जात नाही. छापील ५८ वाचून आपण आजींना २० देतो, खरं तर १५ द्यायला हवी. डॅबिगॅट्रान तर सुमारे ८० टक्के मूत्रपिंडातूनच बाहेर पडतं. ३८ वर असलेल्या बाईंना दोन दिवस जुलाब झाले, पाणी कमी पडलं, की तिथे औषध साठायला लागतं.

उलट चूकही तितकीच होते. अपिक्सॅबानचा डोस अर्धा करायला तीनपैकी दोन गोष्टी लागतात: वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त. आपल्या आजींमध्ये यातली एकच आहे, वजन. म्हणजे त्यांना ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पूर्ण डोस. तरीही ‘म्हातारं माणूस, नाजूक प्रकृती’ म्हणून अडीचची गोळी लिहिली जाते. त्याने रक्तस्रावापासून फारसं वाचवलं जात नाही आणि स्ट्रोकपासूनचं संरक्षण मात्र कमी होतं. एकाच बाईंसाठी एका औषधाचा डोस कमी करायचा आणि दुसऱ्याचा नाही, हे अंदाजाने जमत नाही. दवाखान्यात वजनकाटा हवा आणि तो बरोबर वजन दाखवणारा हवा. केसपेपरवर ‘वजन: साधारण’ लिहून भागत नाही, सूत्रात ‘साधारण’ला जागा नाही!

चाचणी पुन्हा कधी करायची याचा एक सोपा हिशोब आहे. क्लिअरन्स ६० च्या खाली असेल तर त्याला १० ने भागा, तितक्या महिन्यांनी. ३८ असेल तर चार महिन्यांच्या आत. आणि मध्येच जुलाब, ताप, उलट्या झाल्या किंवा दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक सुरू झालं, तर लगेच.

हिमोग्लोबिनचंही तसंच. गोळी सुरू करण्याआधीचा आकडा लिहून ठेवला नाही, तर सहा महिन्यांनी ९.८ दिसल्यावर ते पूर्वीचंच आहे की घसरलंय हे कळणार कसं? उघड रक्तस्राव होऊन हिमोग्लोबिन २ ग्रॅमने उतरलं तर त्याला मोठा रक्तस्राव म्हणतात. आणि गोळीवर असलेल्या वयस्क माणसात लोहाच्या कमतरतेचा अ‍ॅनिमिया दिसला, तर ‘गोळीमुळेच असेल’ म्हणून गोळी बंद करून थांबू नका. आतड्याचा कर्करोग कधी कधी असाच पहिल्यांदा समोर येतो. एंडोस्कोपी, कोलोनोस्कोपीचा विचार करा.

प्लेटलेट अचानक ६०,००० आल्या आणि अंगावर कुठे डाग नाही, हिरड्यांतून रक्त नाही? स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पसरलेलं रक्त, बघायला सांगा. रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या ट्यूबमध्ये काहींच्या प्लेटलेट गुठळ्या करतात आणि मशीनला त्या मोजता येत नाहीत. सायट्रेटच्या ट्यूबमध्ये पुन्हा घ्या आणि येईल त्या आकड्याला १.१ ने गुणा, कारण सायट्रेट द्रव असल्यामुळे रक्त थोडं पातळ होतं. एका खोट्या आकड्यापायी स्ट्रोकची गोळी बंद होऊ नये, एवढंच मागणं आहे.

आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, त्याबद्दल बोलायलाच हवं, कारण आपल्याकडे संधिवाताच्या तापाने झडप आकसलेले पेशंट अजून येतात. मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे झडपेचं हे आकसणं, मध्यम किंवा तीव्र असेल तर चॅड्स-व्हॅस्कचे, म्हणजे स्ट्रोकची जोखीम ठरवणारे, गुण मोजत बसायचं नाही. रक्त पातळ करणारं जुनं औषध, वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकूमरॉल द्यायचं आणि आयएनआर २ ते ३ मध्ये ठेवायचा. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस चाचणीत अशा साडेचार हजारांहून जास्त पेशंटमध्ये रिव्हारोक्सॅबानची जुन्या औषधांशी तुलना झाली आणि जुनी औषधं सरस ठरली. मृत्यूही त्या गटात कमी होते. पण आयएनआरची निळ्या झाकणाची ट्यूब खुणेपर्यंत भरायलाच हवी. तिच्यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण असतं. शीर सापडेना म्हणून अर्धीच भरली तर सायट्रेट जास्त होतं, आयएनआर खोटा वाढतो, आणि डॉक्टर गोळी कमी करतात. झडपेवर गुठळी व्हायला तेवढं पुरतं. नव्या गोळ्यांवरच्या पेशंटचा आयएनआर मात्र डोस ठरवायला वापरू नका. अपिक्सॅबान चालू असताना तो जवळजवळ नॉर्मल येऊ शकतो.

टीएसएच ही थायरॉइडची चाचणी एएफच्या प्रत्येक नव्या पेशंटमध्ये करायचीच. मात्र केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का, हे आधी विचारा. ५ किंवा १० मिलिग्रॅमच्या बायोटिनमुळे काही मशीनांवर टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त येतं. धडधडणारं हृदय आणि हा रिपोर्ट एकत्र पाहिले की थायरॉइड वाढल्याचंच वाटतं. दोन दिवस गोळी थांबवून पुन्हा तपासा. त्याच कारणाने ट्रोपोनिन खोटं कमी येऊ शकतं, आणि हे जास्त धोक्याचं आहे.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरली. तर ट्रोपोनिनचं नाव निघालंच आहे, आता जाहीर केलेला विषय.

चॅड्स-व्हॅस्कमध्ये रक्ताची एकही चाचणी नाही. हॅस-ब्लेड या रक्तस्रावाच्या जोखमीच्या गुणांकात मूत्रपिंड आहे, पण तो गुण मिळायला डायलिसिस किंवा प्रत्यारोपण झालेलं असावं लागतं, नाहीतर क्रिएटिनिन २.२६ च्या वर. म्हणून स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांनी अ‍ॅरिस्टॉटल या अपिक्सॅबानच्या मोठ्या चाचणीतल्या पेशंटांच्या साठवलेल्या रक्तावरून एबीसी गुणांक बांधले. दोन्ही २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. स्ट्रोकसाठी वय, एनटी-प्रोबीएनपी, हाय-सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन आणि पूर्वीचा स्ट्रोक किंवा टीआयए (थोड्या वेळात ओसरणारा छोटा स्ट्रोक). रक्तस्रावासाठी वय, हिमोग्लोबिन, ट्रोपोनिन, जीडीएफ-१५ आणि पूर्वीचा रक्तस्राव. स्ट्रोकच्या गुणांकाचा सी-इंडेक्स ०.६८ आला, चॅड्स-व्हॅस्कचा ०.६२. यात ०.५ म्हणजे नाणेफेक आणि १ म्हणजे अचूक भाकीत. सुधारणा खरी आहे, पण मोठी नाही.

या गुणांकांवरून उपचार ठरवले तर पेशंटचं भलं होतं का, हे पाहायला स्वीडनमध्येच जवळजवळ चार हजार पेशंटांची एबीसी-एएफ चाचणी झाली. ती मुदतीआधी थांबवावी लागली. स्ट्रोक किंवा मृत्यू कमी झाले नाहीत. जोखीम जास्त नेमकी कळली, तरी तेवढ्याने उपचार जास्त चांगले झाले नाहीत.

मग एनटी-प्रोबीएनपी करायचंच नाही का? धाप लागत असेल, हृदय कमजोर झाल्याची शंका असेल तर जरूर करा. एको (हृदयाची सोनोग्राफी) लवकर करायचा का, हे त्यावरून ठरवता येतं. पण एएफ चालू असताना ते हार्ट फेल्युअरशिवायही वाढलेलं असतं, वयाने आणि मूत्रपिंडाच्या आजाराने आणखी वाढतं, आणि लठ्ठ माणसात फसवं कमी दिसतं. पेशंट सॅक्युबिट्रिल या हार्ट फेल्युअरच्या औषधावर असेल तर बीएनपी ही जवळची चाचणी मागवू नका, एनटी-प्रोबीएनपीच मागवा; ते औषध बीएनपीचं विघटन थांबवतं, त्यामुळे आकडा वाढतो. जीडीएफ-१५ नेहमीच्या लॅबमध्ये मिळत नाही आणि मेटफॉर्मिननेही ते वाढतं, त्यामुळे आपल्या मधुमेही पेशंटमध्ये त्याचा अर्थ लावणं कठीण आहे.

ट्रोपोनिनच्या रिपोर्टवर आकड्याआधी एकक वाचा. ०.०४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि ४० नॅनोग्रॅम प्रति लिटर हे एकच आहे, पण एका लॅबचा जुना कागद आणि दुसऱ्या लॅबचा नवा कागद शेजारी ठेवले की ट्रोपोनिन हजारपट वाढल्यासारखं वाटतं.