बार्शी लाइटखालचं लाकूड

[करवतीचा आवाज. भुसा उडतोय.]

सोलापूरचा पूर्व भाग. भिंतीपलीकडे पॉवरलूमचा खडखडाट, अलीकडे मिस्त्री अठरा मिलीच्या प्लायवूडमधून तीन इंची पट्ट्या काढताहेत. या पट्ट्यांवर बार्शी लाइट या जुन्या रेल्वेचं छोटं मॉडेल धावणार आहे.

[नकाशा, मग रुळाचा तुकडा.]

१८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, तिथून बार्शीपर्यंत ही अडीच फुटी रेल्वे सुरू झाली. आखणी एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची. पुढे ती पंढरपूरला गेली, लातूरला गेली, मिरजेला टेकली. आषाढीला वारकऱ्यांनी खच्चून भरायची. मॉडेल खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं. ७६२ मिलिमीटरच्या त्या गेजला, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराला, ८७ ने भागलं की पावणेनऊ मिलिमीटर येतात, म्हणून मॉडेल बांधणारे काका नऊ मिली गेजचा रूळ वापरतात. खरी लाइन ब्रॉडगेज झाली.

[चौकट जमिनीवर.]

मॉडेल बघायला येणारे इंजिनाचे फोटो काढतात. आम्ही मुद्दाम कॅमेरा खाली नेला.

पट्टी आडवी टाकली तर वाकते, उभी लावली की वजन पेलते. अशी एक चौकट म्हणजे एक बोर्ड, चार बाय दोन फूट. एकट्याला उचलता आला पाहिजे आणि जिन्यात वळला पाहिजे. आत दर फुटावर आडवी पट्टी. वायरींची भोकं आधी, फेविकॉल मग, कारण चौकट जुळल्यावर ड्रिल आत शिरत नाही.

[टेप कोनाकोनी ताणलेली. प्रत्यक्ष संवाद.]

"काका, दोन सूत फरक येतोय."
"मग खोला की ओ. फेविकॉल ओला आहे तोवर चालतंय."

खोलली. परत जुळवली. दुसऱ्यांदा दोन्ही कर्ण सारखे आले, तेव्हा कुठे नऊ मिलीचा पत्रा, म्हणजे वरचं प्लाय, बसवलं.

[ब्रश. बोर्ड पालथा.]

सोलापूरचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो. वीस अंशांनी तापलं तर मीटरभर रूळ जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटर वाढतो, तेवढी फट सांध्यात ठेवता येते. खरा त्रास लाकडाचा. ते उन्हाळ्यात सुकतं, पावसाळ्यात फुगतं आणि रूळ ओढून नेतं. म्हणून सीलरचे दोन हात वरून, दोन खालून, आणि कापलेल्या कडांना तिसरा. काकांच्या पहिल्या लेआउटला, म्हणजे आधीच्या मॉडेलला, स्वस्तातला एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) होता, तोही नुसता, सील न केलेला. तो लेआउट आता नाही.

[अगदी जवळून: रुळाच्या टोकाशी सोल्डर.]

दोन बोर्ड जिथे भेटतात तिथे पितळी डॉवेल, म्हणजे नेमक्या भोकात बसणाऱ्या खुंट्या, आणि नट-बोल्ट. बोर्ड जोडलेले असतानाच सांध्याच्या दोन्ही बाजूंना पितळी स्क्रू पिळून बसवले, रूळ त्यांवर सोल्डर केला आणि मग बारीक करवतीने मधोमध कापला. आता बोर्ड शंभरदा सुटले तरी रूळ समोरासमोरच येणार.

[चिमटा. चाकाच्या आसातून निघणारा धागा.]

हे बघा. सोलापूरच्या घरात मॉडेल झाकायला पहिली हाताला येते ती चादर, नाहीतर टॉवेल. काकांनीही तेच केलं होतं. टॉवेलची लव सुटते, तेलकट आसाभोवती गुंडाळते, मोटर तापते. शेजारच्या लूमची रुई खिडकीतून येते ती वेगळीच.

म्हणून कापड बाद. चार मिली प्लायची हलकी पेटी, कडेला फोमची पट्टी, उंची मॉडेलमधल्या कुर्डुवाडीच्या पाण्याच्या टाकीपेक्षा दीड इंच जास्त. प्रदर्शनाला न्यायची पद्धत निराळी: एक बोर्ड सुलटा, दुसरा त्यावर पालथा, दोन्ही टोकांना प्लायचे पाट बोल्टने आवळलेले. दोन बोर्डांचीच पेटी होते आणि आतल्या झाडाच्या पानालाही धक्का लागत नाही. आम्ही ती टेम्पोत चढताना टिपली आहे.

[पेटी उघडते. इथून निवेदन नाही. लूमचा आवाज हळूहळू खाली, चाकांचा वर.]