मँडलोरियन ही जमात नाही! हेल्मेटमागची खरी गोष्ट

नमस्कार मंडळी!

पंखा बंद केलाय. मागच्या व्हिडिओत त्याची घरघर येत होती असं बऱ्याच जणांनी सांगितलं, म्हणून आज घाम पुसत बोलणार आहे. दांडिया बाजारातली माडी आणि बडोद्याचा उन्हाळा, समजून घ्या.

‘द मँडलोरियन अँड ग्रोगू’ या स्टार वॉर्सच्या चित्रपटाची २२ मे २०२६ ही तारीख जाहीर झाल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. “ताई, हे मँडलोरियन कुठले एलियन?” “ताई, हेल्मेटच्या आत त्यांचा चेहरा कसा असतो, सरड्यासारखा का?” एका दादांनी तर मलाच समजावलंय की मँडलोरियन ही योद्ध्यांची एक एलियन जमात आहे आणि मी नीट अभ्यास करून यावं. दादा, अभ्यास केलाय. आजचा व्हिडिओ तुमच्यासाठीच.

बाकीचं पटकन उरकते, कारण ते तुम्हाला माहीत आहे. स्टार वॉर्सचं विश्व. ‘टी’ आकाराची काच असलेलं हेल्मेट, पाठीवर जेटपॅक, बेस्कार नावाच्या धातूचं चिलखत. हा पोशाख टीव्हीवर पहिल्यांदा दिसला १९७८ च्या हॉलिडे स्पेशलमधल्या कार्टूनमध्ये, बोबा फेट नावाच्या भाडोत्री शिकाऱ्याच्या अंगावर. मग १९८० चा चित्रपट. मग बराच काळ कॉमिक्स, कादंबऱ्या, गेम्स. १२ नोव्हेंबर २०१९ ला ‘द मँडलोरियन’ ही मालिका आली आणि तिचा नायक दिन जारिन घराघरात पोचला. झालं.

आता मुद्द्यावर येऊ. मँडलोरियन ही जमात नाही. वंश नाही. रक्ताचा तिथे संबंध नाही. पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात हे सरळ बोलून दाखवलंय, तरी लोकांच्या कानावरून जातं.

एलियन हा शब्द आला कुठून, तेही सांगते, कारण तो अगदीच हवेतून आलेला नाही. जुन्या कथांमध्ये, म्हणजे २०१४ मध्ये ज्यांना ‘लेजंड्स’ म्हणून बाजूला काढलं त्या कथांमध्ये, पहिले मँडलोरियन खरोखरच एलियन होते. तौंग नावाचे, करड्या कातडीचे. त्यांच्या नायकाला मँडलोर म्हणत, त्याच्यावरून ग्रहाचं नाव पडलं. पुढे तौंग संपले. पार संपले, एकही उरला नाही. आणि मँडलोरियन मात्र राहिले! माणसं आली, इतर प्रजातींचे लोक आले, त्यांनी तेच चिलखत घातलं, तीच भाषा बोलली, मुलांना तसंच वाढवलं. मला सांगा, जमात असती तर तौंगांबरोबर संपली नसती का?

आता दिन जारिनच बघा. तो मँडलोरियन आईबापांच्या पोटी जन्मलेला नाही. लहान असताना त्याच्या गावावर ड्रॉइड, म्हणजे यंत्रमानवांच्या सैन्याचा हल्ला झाला, आईवडिलांनी त्याला तळघरात लपवलं, ते गेले. मँडलोरियनांनी त्याला बाहेर काढून वाढवलं. अशा मुलांना ते ‘फाउंडलिंग’ म्हणतात, आपण सापडलेलं लेकरू म्हणू. बोबा फेटचा बाप जँगो, तोही सापडलेलं लेकरू. आणि स्वतः बोबा? चिलखत तेच, पण बो-कटान नावाची मँडलोरियन योद्धी त्याला तोंडावर सांगते की तू मँडलोरियन नाहीस, आणि तोही म्हणतो की मी तसा दावा कधी केलाच नाही. म्हणजे जन्म नाही चालत आणि नुसता पोशाखही नाही चालत. मग चालतं काय?

‘क्रीड’ असा शब्द आहे. याला मराठीत काय म्हणायचं यावर मी दोन दिवस घालवले. धर्म म्हटलं तर फार मोठं होतं, पंथ म्हटलं तर अर्धंच होतं. शेवटी आजोबा आठवले.

आमचे आजोबा माळकरी होते. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी, मांसाहार बंद. माळ घालायला कुणी जात विचारत नाही, वय विचारत नाही. घातली की पाळायची, एवढंच. एकदा न्हाणीघरात त्यांची माळ तुटली. मणी सगळे मोरीकडे धावले. मी सहा-सात वर्षांची असेन. आजोबा ओल्या पंच्यानं गुडघ्यावर बसून एकेक मणी वेचत होते, आणि मी पाण्याच्या जाळीत बोट घालून शेवटचे दोन काढून दिले. आजीनं चहा आणला तर हात लावला नाही. पाणीसुद्धा नाही. नवा दोरा ओवून माळ गळ्यात पडली तेव्हा दुपार झाली होती.

दिन जारिनचं हेल्मेट म्हणजे ही माळ आहे. मँडलोरियन असणं म्हणजे व्रत घेणं. हा शब्द मला पटला. व्रत.

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून लक्ष द्या. हेल्मेट कधीच काढायचं नाही, हा नियम सगळ्या मँडलोरियनांचा नाही! दिन ज्यांच्यात वाढला त्या ‘चिल्ड्रन ऑफ द वॉच’ या कडक गटाचा आहे. दुसऱ्या सीझनमध्ये बो-कटान समोर येते आणि सहज हेल्मेट काढते, तेव्हा दिन तिला तोतया समजतो. ती मँडलोरच्या राजघराण्यातली! पंढरपूरला जाणारा प्रत्येक जण माळकरी नसतो, पण म्हणून त्याची भक्ती खोटी ठरत नाही. तसंच हे आहे. तरीही दर आठवड्याला कुणीतरी लिहितंच, “बो-कटाननं हेल्मेट काढलं, ही चूक आहे लेखकाची.” चूक नाही हो. तोच तर सगळा पेच आहे.

आणि दिननं जेव्हा स्वतः हेल्मेट काढलं, एकदा या विश्वातल्या जुलमी साम्राज्याच्या तळावर ग्रोगूचा, म्हणजे तो सांभाळत असलेल्या छोट्या हिरव्या पोराचा ठावठिकाणा मिळवण्यासाठी आणि एकदा त्याला निरोप देताना, तेव्हा त्याच्या गटानं त्याला बाहेर काढलं. परत यायचा मार्ग कोणता? मँडलोरच्या खाणींखालच्या जिवंत पाण्यात स्नान. तीर्थ म्हणा ना सरळ. त्या पाण्यात तो पायरीपायरीनं उतरतो आणि व्रताचे शब्द म्हणतो, तो प्रसंग मी आईबरोबर पाहिला. तिला स्टार वॉर्समधलं काही कळत नाही. ती म्हणाली, “चंद्रभागेत उतरल्यासारखा उतरतोय की.”

हेल्मेटचा त्रास मला अंगावर कळलाय. गेल्या वर्षी मी फोमचं हेल्मेट बनवलं, घडीच्या चाकूनं कापून, ग्लू गननं चिकटवून, तीन आठवडे लागले. ते घालून मित्रमैत्रिणींबरोबर सेवउसळ खायला गेले आणि ठरवलं की चेहरा दाखवायचा नाही. काचेवर श्वासाचं धुकं धरलं. कडेला जाऊन, भिंतीकडे तोंड करून, हेल्मेट हनुवटीपुरतं उचलून चमचा आत घातला. तर्री मानेवर. सगळे मागे हसतायत, गप्पा मारतायत, आणि मी भिंतीकडे बघत एकटी जेवतेय. दिन असाच जेवतो. पहिल्या सीझनमध्ये एका गावातली बाई त्याला ताट देते आणि तो ती जाईपर्यंत थांबतो. तो प्रसंग मी आधी चार वेळा पाहिला होता, पण त्यातला एकटेपणा मला त्या भिंतीपाशी कळला.

“एवढी लपवाछपवी कशाला?” हेही विचारता तुम्ही. कारण साम्राज्यानं मँडलोर ग्रह बाँबफेक करून उजाड केला होता. जे उरले ते नेव्हारो ग्रहावर शहराखालच्या भुयारात राहत, आणि एका वेळी एकानंच वर जायचं, म्हणजे किती जण उरलेत हे कुणाला कळू नये. मग दिन त्या पोराला वाचवायला गेला आणि अडकला, तेव्हा सगळे एकदम बाहेर आले. जेटपॅक लावून, उघड्यावर. त्याची किंमत पहिल्या सीझनच्या शेवटी दिसते. भुयारात हेल्मेटांचा आणि चिलखतांचा ढीग पडलाय, आणि चिलखत घडवणारी आर्मरर एकटी ते तुकडे गोळा करतेय, वितळवून पुन्हा घडवायला. एका लेकरासाठी हे झालं, आणि त्या लेकराचं त्यांच्याशी रक्ताचं काहीच नातं नव्हतं.

दत्तक हा शब्द बडोदेकरांना समजावून सांगावा लागत नाही. नाशिककडच्या कवळाणे गावातला गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा मुलगा, १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला आणि तो सयाजीराव झाला. या शहरातली लायब्ररी, शाळा, कमाटीबाग, कशाकडेही बोट दाखवा, त्यानंच उभं केलेलं. त्यांना कुणी ‘खरे गायकवाड नाहीत’ म्हटलं तर इथं काय होईल? मग ग्रोगूला “तो हिरवा एलियन आहे, मँडलोरियन कसा होईल” असं का म्हणता?

होतो. तिसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागात झाला. तो बोलू शकत नाही, त्यामुळे व्रताचे शब्द म्हणू शकत नाही. शिकाऊ म्हणून घ्यायचं तर पालकाची परवानगी हवी. दिन म्हणतो, मग मीच याला मुलगा म्हणून घेतो. आर्मरर त्याचं नाव जाहीर करते, दिन ग्रोगू.

यावर शेवटची कमेंट घेते, कारण ती साठ-सत्तर जणांनी टाकलीय: “ताई, जारिन ग्रोगू पाहिजे ना, दिन तर बापाचं नाव आहे?” नाही. दिन हे घराण्याचं नाव आहे, ते आधी येतं. मला हे ऐकताक्षणी कळलं, कारण मी बडोद्याच्या शाळेत शिकले. आमच्या हजेरीपटात आडनाव आधी, मग माझं, मग बाबांचं. सर पुकारायचे तेव्हा आधी घराणं हजर व्हायचं आणि मग मी हात वर करायचे.