कुणाला धरलं, कुणाला वगळलं

[दृश्य: 1930च्या दशकातली कृष्णधवल छायाचित्रं. कारखान्याचं बंद फाटक, बाहेर माणसांची रांग.]

1933 साल. अमेरिकेत महामंदीने कळस गाठला आहे. कारखाने थंडावलेत, बँका बुडताहेत. देश नेमका किती खाली गेलाय हे मात्र सरकारला सांगता येत नाही. रेल्वेतून किती माल गेला, पोलाद किती निघालं, शेअरबाजार कितीवर आहे, असे सुटे सुटे आकडे हाताशी आहेत. सगळ्याची मिळून बेरीज करायची कशी, याची सरकारी पद्धत अजून बसलेली नाही.

ते काम सायमन कुझनेट्स या अर्थशास्त्रज्ञाकडे आलं. 1934 मध्ये त्यांचा अहवाल सिनेटपुढे गेला. 1929 ते 1932 या काळात राष्ट्रीय उत्पन्न जवळपास निम्म्यावर आलं होतं.

आज आपण ज्याला जीडीपी म्हणतो, त्याची घडण अशा हिशेबांतून झाली. देशाच्या हद्दीत वर्षभरात तयार झालेल्या अंतिम वस्तू आणि सेवांचं एकूण मूल्य. मोटारीच्या किमतीत तिचं पोलाद आलेलंच असतं. ते वेगळं धरलं तर तेच दोनदा मोजलं जाईल.

[पडद्यावर आकडे: 105 अब्ज, 57 अब्ज]

पुढे याच वर्षांचं जीडीपी काढण्यात आलं. 1929 मध्ये सुमारे 105 अब्ज डॉलर, 1933 मध्ये सुमारे 57 अब्ज. म्हणजे 45 टक्क्यांची घट. पण थांबा. याच चार वर्षांत भावही सुमारे पाव हिश्शाने उतरले होते. तीच वस्तू स्वस्त झाली, तर डॉलरमधली बेरीज आपोआप आक्रसते. स्थिर किमतींना मोजलं, तर उत्पादनातली खरी घट सुमारे 26 टक्के निघते. तीही भयंकरच आहे. पण 45 आणि 26 यांतला फरक कळला नाही, तर किती काम थांबलं आणि किती फक्त भाव पडले, हेच कळणार नाही.

मग भाव मोजायचे कसे? जर्मन अर्थशास्त्रज्ञ लास्पेयर्स यांनी 1871 मध्ये मांडलेली रीत अजूनही ग्राहक किंमत निर्देशांकाच्या मुळाशी आहे. तुलनेसाठी धरलेल्या, म्हणजे पायाभूत, वर्षात कुटुंबं काय आणि किती घेत होती ते ठरवा. तेवढाच माल आज घ्यायला किती पैसे लागतील ते पाहा. पण माणसं तेवढाच माल घेत राहत नाहीत. एक वस्तू महागली की दुसरीकडे वळतात. त्यामुळे हा निर्देशांक महागाई जरा फुगवून दाखवतो. 1996 मध्ये अमेरिकेत हा निर्देशांक तपासणाऱ्या बॉस्किन आयोगाने या आणि इतर कारणांनी येणारा सगळा फुगवटा वर्षाला सुमारे 1.1 टक्के धरला. आकडा किरकोळ वाटेल. पण तिथल्या वृद्धांच्या निवृत्तिवेतनातली वाढ याच निर्देशांकावर ठरते.

[दृश्य: दारात उभी असलेली प्रगणक. हातात प्रश्नावली.]

आता तिसरं मोजमाप, बेरोजगारीचं. मला यातलं सगळ्यात नाजूक हेच वाटतं, कारण इथे माणसं मोजायची असतात.

प्रगणक विचारते, "गेल्या आठवड्यात मोबदल्यासाठी निदान एक तास तरी काम केलंत का?" उत्तर हो असेल, तर तुम्ही रोजगारात. एकच तास मिळाला असला तरी. उत्तर नाही आलं, तर पुढचा प्रश्न: "अलीकडे काम शोधलंत का?" आणि मग: "काम मिळालं तर लगेच करू शकाल?" दोन्हीला हो म्हणालात, तरच तुम्ही बेरोजगार. हे निकष आंतरराष्ट्रीय श्रमसांख्यिकी परिषदेने, म्हणजे कामगारविषयक आकडेवारीचे नियम ठरवणाऱ्या परिषदेने, 1982 मध्ये ठरवलेले आहेत.

समजा, श्रमशक्तीत, म्हणजे रोजगारात असलेले आणि बेरोजगार मिळून, शंभर जण आहेत आणि त्यांतले दहा बेरोजगार. दर 10 टक्के. त्या दहांतले चार जण शोधून शोधून थकले आणि त्यांनी शोधणंच सोडलं. ते आता श्रमशक्तीतच नाहीत. उरले शहाण्णव, बेरोजगार सहा. दर 6.25 टक्के. काम एकालाही मिळालेलं नाही, तरी बातमी सुधारणेची. म्हणून बेरोजगारी दर एकटा वाचूच नये. लोकसंख्येतले किती जण कामावर आहेत, ते शेजारी ठेवून वाचावा.

मंदीच्याच काळातलं एक उदाहरण पाहा. 1936चा अमेरिकेचा बेरोजगारी दर नेहमी वापरल्या जाणाऱ्या आकडेवारीच्या मालिकेत सुमारे 17 टक्के आहे. त्या मालिकेत मंदीनिवारणाच्या सरकारी कामांवरची माणसं बेरोजगार धरली होती. रस्ते, पूल, शाळा बांधणारी, मजुरी घेणारी माणसं. 1976 मध्ये अर्थशास्त्रज्ञ मायकेल डार्बी यांनी त्यांना रोजगारात धरून हिशेब पुन्हा मांडला. दर सुमारे 10 टक्क्यांवर आला. वर्ष तेच, माणसं तीच.

[दृश्य: डोक्यावर हंडा घेऊन चाललेली बाई.]

उत्पादनाच्या बेरजेतही अशीच एक रेष आहे. राष्ट्रीय लेख्यांच्या, म्हणजे देशाच्या उत्पादन-उत्पन्नाच्या हिशेबांच्या, आंतरराष्ट्रीय नियमांनुसार घरासाठी पाणी वाहून आणणं हे उत्पादन आहे. त्याच पाण्यात घरच्यांसाठी अन्न शिजवणं उत्पादन नाही. मुलं सांभाळणं नाही, आजाऱ्याची शुश्रूषा नाही. यातली बहुतेक कामं बायका करतात. घरातली कामं आपल्या बेरजेत नाहीत, हे कुझनेट्स यांनीही 1934च्या अहवालात नोंदवलं होतं, आणि या आकड्यावरून देशाचं कल्याण ठरवू नका, असं बजावलंही होतं.

2013 मध्ये त्याच आंतरराष्ट्रीय श्रमसांख्यिकी परिषदेने व्याख्या बदलल्या. घरातली बिनमोबदला कामं 'काम' म्हणून मोजायची, हे तिथे ठरलं. हे फार आधी व्हायला हवं होतं. पण त्याच ठरावात रोजगाराची व्याख्या मोबदल्याच्या किंवा नफ्याच्या कामापुरती आक्रसली. त्यामुळे केवळ घरच्या खाण्यापुरतं पिकवणारी शेतकरीण, जी आधी रोजगारात धरली जायची, ती या व्याख्येने बाहेर गेली. तिचं पीक जीडीपीत मोजलं जातं. ती रोजगाराच्या आकड्यात नाही.